पंखावरचा आकडा

कॉन्डॉरला गळा नाही. मान आहे, लांब, उघडी, नारिंगी. पण पाखरांच्या छातीत जी स्वरपेटी असते, जिच्यातून बुलबुल शीळ घालतो आणि कावळा कोकलतो, ती या पक्ष्याला निसर्गानं दिलीच नाही. फार तर फुत्कार टाकील, घशात घरघर करील. तरीही त्या सकाळी तो मला दिसण्याआधी ऐकू आला. मी पुलाच्या कठड्यावर वाकून खाली नदी पाहत होते आणि डोक्यामागून एक लांबलचक सरसर आली, वाऱ्यावर धरलेला पैठणीचा पदर सरसरत जावा तशी. मान वर करेपर्यंत तो पुलाच्या पलीकडे गेलाही होता. पिसांतून कापली गेलेली हवा, एवढाच त्याचा आवाज. पण तो ऐकल्यावर या पक्ष्याला मुका म्हणणं मला पुन्हा जमलं नाही.

ॲरिझोनाच्या उत्तरेला, मार्बल कॅनियनमध्ये, कोलोरॅडो नदीवर दोन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांनाही नवाहो पूल म्हणतात. जुना १९२९ सालचा, आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. नवा १९९५ सालचा, त्यावरून गाड्या जातात. नदी खाली चारशेसदुसष्ट फुटांवर. वरच्या अंगाला ग्लेन कॅनियनचं धरण आहे, त्याच्या जलाशयाच्या खोलातून सुटलेलं पाणी गाळ मागे ठेवून येतं, म्हणून लाल कड्यांच्या तळाशी ते हिरवंगार, थंड दिसतं. मुलगा फिनिक्सला नोकरीला आहे. त्यानं आदल्या रात्री फ्लॅगस्टाफला मुक्काम ठरवला आणि उजाडायच्या आत गाडी काढली. वाटेत एवढंच म्हणाला, "आई, घाई करायची नाही. ते पुलाखालच्या लोखंडावर झोपतात म्हणे. ऊन लागल्याशिवाय उठत नाहीत."

खरंच तसं होतं. पुलाच्या पोलादी कमानीच्या सांध्यांत, जिथे तुळया एकमेकींना भेटतात तिथे, काळे मोठे आकार बसलेले. मी मोजले: पाच. ऊन कड्यावरून सरकत सरकत कमानीवर आलं तसा एकेक जण त्याच्याकडे पाठ करून पंख उघडून उभा राहिला. टोकापासून टोकापर्यंत साडेनऊ फूट. रात्रभर गार पडलेली, वाकलेली पिसं उन्हात सरळ होत होती. आपल्याकडे सकाळी अंगणात म्हातारी माणसं शेकायला बसतात, त्यांच्या बसण्यात जी निवांत प्रतिष्ठा असते, ती इथे होती. कुणालाही कुठे जायची घाई नव्हती. दरी तापल्याशिवाय हवा वर उठत नाही आणि हवा उठल्याशिवाय कॉन्डॉर उठत नाही.

हा पक्षी पंख मारत नाही, हे वाचून माहीत असतं. पाहिल्यावर मात्र छातीत काहीतरी थांबतं. दक्षिण अमेरिकेत त्याचं थोरलं भावंड आहे, अँडीज पर्वतातला कॉन्डॉर. त्या पक्ष्यांच्या अंगावर नोंदयंत्रं बसवून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. उडण्याच्या एकूण वेळापैकी जेमतेम एक टक्का वेळ ते पंख हलवतात, आणि तोही बहुतेक जमिनीवरून उठताना. त्यातला एक पक्षी पाच तास, एकशेसत्तर किलोमीटरहून जास्त अंतर, एकदाही पंख न मारता गेला. एवढा जड देह हवेत नुसता ठेवून द्यायचा, आणि हवेनं तो सांभाळायचा. इथे लहान लाल डोक्याची टर्की गिधाडंही फिरतात. ती पंख वर उचलून, इंग्रजी व्हीसारखे धरून, डुलत डुलत जातात. कॉन्डॉर डुलत नाही. फळी तरंगावी तसा सपाट, स्थिर येतो. एकदा हा फरक डोळ्यांना कळला की मैलभरावरूनही ओळख चुकत नाही.

फोटो काढणाऱ्याला मात्र तो सोपा नाही. काळा पक्षी आणि मागे लख्ख आकाश. कॅमेरा आकाशाला भुलतो आणि पक्ष्याचा कोळसा करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप वर न्यायचं, आकाश पांढरं पडलं तर पडू द्यायचं, पण पिसांतला तपकिरी-निळसर झाक असलेला काळा हरवू द्यायचा नाही. तो वळून लाल कड्यासमोर आला की सगळं गणित उलटं. तिथे तेवढं वाढवून चालत नाही. आणि वळताना, फक्त वळताना, पंखांच्या खालच्या बाजूचे पांढरेशुभ्र लांबट त्रिकोण उजळतात. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याची ती खूण. तरुण पक्ष्यांचं डोकंही काळपट असतं. पाच-सहा वर्षांत ते हळूहळू नारिंगी-गुलाबी होतं. मी घरून निघतानाच एक फ्रेम मनाशी ठरवून आले होते: निळं आकाश, वळलेला पूर्ण वाढलेला पक्षी, दोन पांढरे त्रिकोण आणि पंखांवर दुसरं काहीही नाही.

हे शेवटचं महत्त्वाचं होतं. कारण इथल्या जवळजवळ प्रत्येक कॉन्डॉरच्या पंखाच्या पुढच्या कडेला एक बिल्ला लावलेला असतो, त्यावर ठळक आकडा. काहींच्या अंगावर बारीक तारेसारखा रेडिओचा अँटेनाही दिसतो. मला तो बिल्ला खुपत होता. रानातल्या देवाच्या अंगावर कुणीतरी सरकारी शिक्का मारून ठेवला आहे असं वाटत होतं. सकाळभर मी शटर दाबत राहिले आणि दर वेळी पडद्यावर बघून मनात म्हणत राहिले, फोटो चांगला आहे, पण आकडा आला.

पुलाच्या पश्चिम टोकाला एक तरुण स्त्री तिकाटण्यावर दुर्बीण लावून उभी होती. हातात वही. पक्ष्यांवर देखरेख ठेवणाऱ्या पथकातली ती होती. माझी लेन्स बघून तिनं आपणहून विचारलं, "आकडे वाचता येतायत का तुमच्या फोटोंत?" मी म्हटलं, येतायत, दुर्दैवानं. ती हसली नाही. म्हणाली, "मला दाखवाल? तो कडेला बसलेला, त्याचा बिल्ला मला इथून दिसत नाहीये. गेले नऊ दिवस त्याची नोंद नाही." मी पडदा तिच्यासमोर धरला. तिनं आकडा वाचला, डोळे मिटून एक श्वास घेतला आणि वहीत लिहिला. "आहे," ती म्हणाली. एवढंच. एखाद्या आईनं उशिरा परतलेल्या लेकराच्या चपला दारात पाहाव्यात, तसं.

त्या एका शब्दामागे किती वर्षं उभी होती, ते सांगायला हवं.

हिमयुगात, मॅमथ आणि महाकाय स्लॉथ जमिनीवर हिंडत होते तेव्हा, हा पक्षी त्यांच्या मेलेल्या देहांवर जगत होता. ग्रँड कॅनियनच्या उंच गुहांमध्ये त्याची दहा हजार वर्षांहून जुनी हाडं सापडली आहेत. मोठी जनावरं गेली, आणि तो पश्चिम किनाऱ्याकडे आक्रसला. तिथे वाळूवर वाहून आलेले देवमासे आणि समुद्रसिंह होते. मग गोरी माणसं आली. बंदुका आल्या, लांडग्यांसाठी जनावरांच्या लोथींत पेरलेलं विष आलं, अंडी जमा करणारे हौशी आले. हा पक्षी दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालतो, घरटं न बांधता, कड्यातल्या गुहेच्या उघड्या जमिनीवर. सहा वर्षांचा झाल्याशिवाय त्याला पिल्लू होत नाही. अशा सावकाश जगणाऱ्या जिवाला घाईनं मारणाऱ्या जगाशी बरोबरी करता येत नाही. १९८२ साली पृथ्वीवर कॅलिफोर्निया कॉन्डॉर बावीस उरले.

तेव्हा मोठा वाद झाला. उरलेले सगळे पक्षी पकडून पिंजऱ्यात वाढवावेत असं शास्त्रज्ञांतल्या एका गटाचं म्हणणं होतं. डेव्हिड ब्रोवर यांच्यासारखे निसर्गरक्षक त्याविरुद्ध उभे राहिले. कॉन्डॉर म्हणजे त्याचं आकाश आणि त्याचे कडे, ते काढून घेतले तर जे उरेल ते कॉन्डॉर नव्हे, असा त्यांचा विचार. मी त्या काळात तिथे असते तर कदाचित ब्रोवर यांच्या बाजूला उभी राहिले असते. आणि चुकले असते. पण त्यांच्या म्हणण्यातलं दुःख खोटं नव्हतं. १९८७ च्या १९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, शेवटचा मोकळा कॉन्डॉर जाळ्यात आला.  एसी-९ ही त्याची खूण. त्या संध्याकाळी, हजारो वर्षांत पहिल्यांदा, उत्तर अमेरिकेच्या आकाशात एकही कॉन्डॉर नव्हता. जगात होते ते सत्तावीस, सगळे सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांत. आजचे सगळे कॉन्डॉर ज्यांची संतती आहेत, ते मूळ पक्षी जेमतेम चौदा.

रामायण सांगताना आपण जटायूपाशी थांबतो. त्याचा थोरला भाऊ संपाती मागे पडतो. धाकट्याला सूर्याच्या तापापासून वाचवताना ज्याचे पंख जळले, जो डोंगरावर पडून राहिला आणि कितीतरी वर्षांनी, वानरांना सीतेचा ठाव सांगितल्यावर, ज्याला पुन्हा पंख फुटले, तो संपाती. एसी-९ पंधरा वर्षं पिंजऱ्यात होता. २००२ साली त्याला त्याच्याच मुलखात, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत, सोडलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते.

त्या पंधरा वर्षांत माणसांनी जे केलं, त्याला सेवा याहून वेगळा शब्द मला सापडत नाही. अंडं काढून घेतलं की मादी दुसरं घालते, हे ओळखून पहिली अंडी उबवणीयंत्रात ठेवली. सत्तावन्न दिवसांच्या आसपास उबवण. पिल्लू बाहेर आल्यावर त्यानं माणसाचं तोंड पाहू नये म्हणून हातात कॉन्डॉरच्या डोक्याची बाहुली चढवून, पडद्याआडून, घास भरवला. सुरुवातीला सोडलेले काही पक्षी तरीही माणसांजवळ जाऊ लागले, घरांच्या छपरांवर उतरू लागले, विजेच्या तारांत अडकून मेले. मग चूक ओळखली गेली. पिल्लांच्या संगतीला मोठे पक्षी ठेवले. पिंजऱ्यात खोटे खांब उभारून त्यावर बसलं की हलका झटका बसेल अशी सोय केली, तारेवर बसायचं नाही हे त्यांनी सोडण्याआधीच शिकावं म्हणून. १९९२ साली पहिले पक्षी कॅलिफोर्नियात मोकळे झाले. १९९६ च्या डिसेंबरमध्ये इथे, या पुलापासून दिसणाऱ्या व्हर्मिलियन कड्यांवरून, सहा पक्षी सोडले. अॅरिझोनाच्या आकाशात कॉन्डॉर परत आला.

दुपारी आम्ही त्या कड्यांकडे गेलो. हमरस्ता सोडून हाऊस रॉक खोऱ्यातल्या मातीच्या रस्त्यानं दोन-तीन मैल. समोर हजार फुटांहून उंच तांबडी भिंत, तिच्या कपारींखाली चुन्यासारखे पांढरे ओघळ. पक्ष्यांच्या बसण्याच्या जागा त्यावरूनच ओळखायच्या. नाशिकच्या अंजनेरीला लांब चोचीच्या गिधाडांची घरटी शोधताना मी हेच करत आले आहे: आधी कड्यावरचा पांढरा रंग शोधायचा, मग पक्षी. हात सवयीनं तसाच वर गेला आणि क्षणभर मला कळेना, मी कुठे आहे.

माझं लहानपण नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. गावाबाहेर ओढ्यापलीकडे मेलेली गुरं टाकायची जागा होती. तिथे गिधाडं उतरत. शंभर-दीडशे. आम्हा मुलांना तिकडे जायला मनाई होती, म्हणून आम्ही जायचो. तासा-दोन तासांत बैलाचा सांगाडा स्वच्छ व्हायचा, धुतल्यासारखा. त्या पक्ष्यांबद्दल आमच्या बोलीत एकही चांगला शब्द नव्हता. हावऱ्या माणसाला गिधाड म्हणायचं, कुणाच्या मरणाची वाट बघणाऱ्याला गिधाडासारखा टपलाय म्हणायचं. पुढे कधीतरी ती दिसेनाशी झाली, आणि आमच्या गावात कुणी चौकशीही केली नाही. मेलेल्या गुरांवर कुत्री वाढली, दुर्गंधी पसरू लागली, तेव्हा लोकांना आठवलं. भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्वदीच्या दशकापासून दीडेक दशकात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. हे कशामुळे झालं, याचा माग काढणाऱ्या चमूचे प्रमुख होते लिंडसे ओक्स. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी करताना त्यांना मूत्रपिंडं निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाची पांढरी पुटं चढलेली दिसली. कारण निघालं जनावरांना वेदनेवर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, आणि गिधाडं मेली. २००४ साली हे जगापुढे आलं. २००६ साली भारतानं जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. हे शोधकार्य ज्या संस्थेच्या प्रकल्पातून झालं, ती पेरिग्रीन फंड. आणि व्हर्मिलियन कड्यांवरून कॉन्डॉर सोडणारी संस्थाही तीच. माझ्या गावच्या ओढ्याचं आणि या तांबड्या भिंतीचं नातं इतकं सरळ आहे.

कारण दुखणंही एकाच जातीचं आहे. इथे ते शिशाचं आहे. शिकारी हरीण मारतो, आतडी-कोथळा जागेवरच काढून टाकतो, मांस घेऊन जातो. शिशाची गोळी देहात शिरताना फुटते आणि तिचे शेकडो बारीक कण मांसात पसरतात. अशा हरणाचा एक्स-रे मी पाहिला आहे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या चांदण्या शिंपडाव्यात तसं दिसतं. कॉन्डॉर ते मांस खातो. त्याच्या पोटातलं आम्ल हाडंही विरघळवतं, ते शिसंही विरघळवून रक्तात नेतं. मग पचनसंस्था लुळी पडते. गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली असते, पण अन्न खाली उतरत नाही. भरल्या पोटी तो उपाशी मरतो. मोकळ्या पक्ष्यांच्या ज्या मृत्यूंचं कारण कळलं आहे, त्यांतले निम्म्याच्या आसपास शिशानं झालेले.

म्हणून वर्षातून निदान एकदा प्रत्येक पक्षी पकडून त्याचं रक्त तपासण्याचा प्रयत्न होतो. शिसं जास्त निघालं तर इंजेक्शनं देऊन ते रक्तातून ओढून बाहेर काढतात. एकेका पक्ष्यावर असे उपचार पुन्हा पुन्हा झाले आहेत. आता बिल्ल्यावरचा आकडा काय आहे, हे मला समजलं. तो शिक्का नव्हे. प्रत्येक आकड्यामागे एक वही आहे: कोणत्या अंड्यातून आला, कोणी वाढवला, कुठे सोडला, कितीदा शिसं उतरवलं, कोणाशी जोडी जमली. ज्या आकड्याला मी फोटोतला डाग म्हणत होते, त्या एका खुणेवर तो पक्षी जिवंत राहिला आहे.

मला शिकाऱ्यांबद्दलही दोन शब्द लिहायचे आहेत, कारण आपण शहरातली माणसं चटकन दोष देतो. इथून जवळच कैबाबचं पठार आहे, तिथे हरणांची शिकार होते. ॲरिझोनानं बंदी आणली नाही. २००५ पासून शिकाऱ्यांना तांब्याच्या गोळ्या फुकट देऊ केल्या आणि कारण समजावून सांगितलं. बहुतेकांनी ऐकलं. कुणी तांब्याची गोळी वापरतो, कुणी शिशाची वापरलीच तर आतडी मागे न ठेवता उचलून आणतो. कॅलिफोर्नियानं कायद्याचा रस्ता धरला. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात वन्य प्राण्यांच्या शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. मला दोन्ही रस्ते हवे वाटतात. आपल्याकडे बंदीनंतरही माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या गेल्या, हे मी जवळून पाहिलं आहे. कायदा आणि कळकळ यांतलं एकच असेल तर पुरत नाही.

संध्याकाळी लॉजच्या ओसरीवर बसून मी फोटो चाळत होते, आणि मला फिन्ले आणि बोलमन आठवले. विल्यम फिन्ले आणि हर्मन बोलमन हे दोघे मित्र १९०६ साली पॅसाडीनामागच्या ईटन कॅनियनमध्ये, दगडांतून चढत, काचेच्या पट्ट्यांचे जड कॅमेरे पाठीवर घेऊन एका कपारीपर्यंत पोहोचले होते. आत कॉन्डॉरचं एकुलतं अंडं होतं. मार्चपासून उन्हाळ्यापर्यंत ते पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले. अंडं फुटलं, पिल्लू वाढलं, आणि आई-बापांना या दोन माणसांची इतकी सवय झाली की काही फुटांवरून त्यांनी फोटो काढू दिले. कॉन्डॉरच्या संसाराची ती पहिली छायाचित्रं. शेजारी शेजारी बसलेली ती जोडी आजही पाहावी: माणसाला न घाबरणारे, माणूस काय करणार आहे ते माहीत नसलेले दोन पक्षी. शेवटी फिन्लेंनी ते पिल्लू घरी नेलं. त्याचं नाव ठेवलं जनरल. ते त्यांच्या मागे मागे फिरे, चोचीनं बाही ओढे. पुढे ते न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात गेलं आणि तिथेच संपलं. फिन्लेंचं प्रेम खरं होतं, त्यात मला शंका नाही. त्यांनी पुढे पक्ष्यांसाठी अभयारण्यं मिळवायला आयुष्य वेचलं. पण प्रेमानंही जवळ जाण्याची एक हद्द असते, हे त्या फोटोंकडे बघताना दर वेळी जाणवतं. १९८० साली कॉन्डॉर वाचवायच्याच कामात, एका पिल्लाचं वजन-माप घेताना, हाताळणीच्या ताणानं ते पिल्लू मेलं. तेव्हा जगात तीसएक कॉन्डॉर होते.

म्हणून आज माझी लेन्स लांबची आहे आणि लांबचीच असावी. घरट्यापाशी जायचं नाही, खाऊ टाकायचा नाही, ड्रोन उडवायचा नाही. कपारीच्या दिशेनं चालायला लागलो की पक्षी उठतो का, याकडे लक्ष ठेवायचं. उठला तर आपण फार जवळ आलो. कचरा उचलायचा. आई-बाप पिल्लांसाठी हाडांचे तुकडे आणतात, आणि त्यांच्या डोळ्यांना बाटलीचं झाकण, काचेचा तुकडा हाडासारखाच दिसतो. तो पिल्लाच्या पोटात जातो. फोटोग्राफरच्या हातून या पक्ष्याचं जे भलं होऊ शकतं ते साधं आहे: दुरून काढलेल्या स्वच्छ फोटोत आकडा दिसला, तर तो पक्षी त्या दिवशी, त्या ठिकाणी, जिवंत होता याची एक साक्ष होते.

साक्ष किती गरजेची आहे, ते २०२३ च्या वसंतात कळलं. मार्चअखेर इथल्या थव्यात पक्षी मरू लागले. कारण बर्ड फ्लू. काही आठवड्यांत अॅरिझोना-यूटाचे एकवीस कॉन्डॉर गेले. तीस वर्षांची मेहनत एका विषाणूनं अशी हातातून ओढली. मग कॉन्डॉरसाठी लस तपासायला परवानगी मिळाली, आधी पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर, मग मोकळ्या. त्याआधी २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या बिग सर किनाऱ्यावर वणवा आला, डोलन फायर. त्यात बारा पक्षी होरपळून किंवा हरवून गेले. प्रत्येक वेळी वहीत ओळी खोडाव्या लागल्या. आणि प्रत्येक वेळी नव्या ओळीही आल्या. २०१९ साली झायनच्या कड्यात जन्मलेलं पिल्लू या प्रयत्नांतलं हजारावं होतं. २०२२ च्या मे महिन्यात उत्तर कॅलिफोर्नियात युरोक लोकांनी आपल्या मुलखात कॉन्डॉर सोडले, शतकाहून अधिक काळ तिथे तो नव्हता. त्यांच्या भाषेत त्याला प्रे-गो-नीश म्हणतात. त्यांच्या उत्सवांत त्याची पिसं लागतात, त्याची गाणी आहेत. पक्षी गेला तरी त्यांनी गाणं सोडलं नव्हतं. आम्ही ओढ्याकाठी गिधाडं गमावली, तेव्हा आमच्यापाशी एक शिवी तेवढी उरली होती. ही तुलना करताना मला लाज वाटते, आणि ती वाटावी. आज जगात कॅलिफोर्निया कॉन्डॉर साडेपाचशेच्या वर आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक मोकळ्या आकाशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुलावर. ती तरुणी आधीच आली होती. दुर्बीण लावलेली, वही उघडी. तिनं मला शेजारी उभं केलं. ती दुर्बिणीतून आकडा वाचायची, मी लेन्समधून तोच पक्षी शोधून खात्री करायची, मग ती लिहायची. शाळेत हजेरी घेतात तशी. मी तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली आहे. हात आपोआप बोटांवर मोजू लागले. पहिला आहे. दुसरा आहे. तिसऱ्याचा बिल्ला तुळईआड; तो वळेपर्यंत थांबलो, आहे. चौथी मादी, तिचं पिल्लू यंदा पहिल्यांदा उडालं, ती आहे. मुलानं थर्मासातला चहा ओतून आम्हा दोघींच्या हातात दिला.

पाचवा नव्हता. कालचा तोच, नऊ दिवसांनी सापडलेला. ऊन कमानीच्या मध्यापर्यंत आलं. बाकीचे एकेक करून सुटले, दरीच्या तोंडाशी एक गिरकी घेऊन वर गेले. ती रेडिओचा अँटेना हातात धरून हळूहळू सगळ्या दिशांना फिरवत होती. मी कॅमेरा खाली ठेवला आणि नुसत्या डोळ्यांनी दरी बघत राहिले. दहा वाजले. साडेदहा. आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

अकराच्या सुमाराला पुलाच्या खालून, नदीच्या बाजूनं, हिरव्या पाण्यावर एक काळी रेघ सरकली. ती मोठी होत गेली, कमानीखालून वर आली, आणि आमच्या पायांखालून पलीकडे निघून, वळली. पांढरे त्रिकोण उजळले. ऊन बरोबर पंखाच्या कडेवर पडलं होतं. मी कॅमेरा उचलला आणि या वेळी पहिल्यांदा आकड्यावर फोकस केला. तो स्पष्ट आला.

मी मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं लिहिला, पुढे वेळ टाकली, आणि दुर्बीण पुन्हा आकाशाकडे वळवली.